भाचीला विमानतळावर सिक्युरिटीत जायचंय, काम नेमकं काय असतं?

कोलशेत_मावशी
माझी भाची उलव्याला राहते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. २५ डिसेंबरला (२०२५) नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून तिच्या डोक्यात एकच: "मावशी, मला एअरपोर्ट सिक्युरिटी ऑफिसर व्हायचंय." खिडकीतून विमानं दिसतात म्हणे. चांगलं आहे, पण घरात कुणालाच या कामाची माहिती नाही. तिची आई म्हणते, दिवसभर लोकांच्या बॅगा उपसायच्या, यात कसलं करिअर? वडील म्हणतात, सरकारी आहे ना, मग जा.

त्यात एका "कन्सल्टन्सी"वाल्याचा फोन आला. थेट भरती, परीक्षा नाही, गणवेशासाठी आणि ट्रेनिंगसाठी साडेअठरा हजार भरा, परत मिळतील. मला वास खराब येतोय, पण पोरगी हट्टाला पेटली आहे. इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा. काम काय असतं, कुणाकडून होतं, शिरायचं कसं?

सानपाडा
पैसे भरू नका. बाकीचं जाणकार सांगतील, पण हे आधी.

वडघरचा_पोर
मावशी, अजिबात भरू नका. आमच्याकडे असे फोन रोजचे झालेत. करंजाडे-वडघरला पुनर्वसन झालेल्या घरांतली पोरं म्हटली की हे लोक टपलेलेच असतात. विमानतळासाठी जमिनी आमच्या गेल्या, विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये सिडको भवनावर आम्हीच गेलो, आणि आता नोकरीच्या नावाने लुटायलाही आम्हीच. खरी कंपनी पैसे घेऊन नोकरी देत नाही. ऑफर लेटर व्हॉट्सअॅपवर आलं असेल तर त्यातला ईमेल पत्ता बघा, जीमेलचा असेल.

कोलशेत_मावशी
जीमेलचाच आहे.

निवृत्त_वर्दी
नमस्कार ताई. मी सीआयएसएफमधून, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून निवृत्त झालो, खारघरला असतो. नोकरीतला बराच काळ विमानतळांवर गेला. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट अशी की विमानतळावर प्रवाशाला सगळे खाकी-निळे कपडे एकच वाटतात. तसं नाही. दाराशी तिकीट आणि ओळखपत्र बघतो तो सीआयएसएफचा. आत अंगझडती आणि हातातल्या बॅगेची तपासणी, तेही सीआयएसएफ. कुंपण, टेहळणीचे मनोरे, श्वानपथक, बॉम्बशोधक पथक, काही घडलंच तर धावणारी शीघ्र कृती तुकडी, सगळं आमचंच. पण बाहेर पार्किंगमध्ये भांडण झालं तर ते स्थानिक पोलिसांचं. पासपोर्टवर शिक्का मारणारा इमिग्रेशनचा, सोनं पकडणारा कस्टम्सचा. आणि विमानाच्या शिडीपाशी किंवा दाराशी पुन्हा बॅग बघतात ना, ते विमान कंपनीचे सुरक्षा कर्मचारी. या सगळ्यांनी काय आणि कसं करायचं याचे नियम ठरवते बीसीएएस, म्हणजे नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्यूरो. सीआयएसएफ गृह मंत्रालयाखाली, बीसीएएस नागरी विमानवाहतूक मंत्रालयाखाली. तेव्हा भाचीला आधी विचारा, यातलं कुठलं?

दुसरं, हे असं का झालं. पूर्वी विमानतळावर राज्यांचे पोलीस असायचे. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-८१४ पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर ठरलं की विमानतळाला एकच प्रशिक्षित केंद्रीय दल हवं. ३ फेब्रुवारी २००० ला जयपूर हा पहिला विमानतळ आमच्या ताब्यात आला, मग एकेक करून बाकीचे. नवी मुंबईलाही आमचीच पोरं आहेत.

परीक्षेचं उद्या लिहितो, डोळे दुखतात रात्री.

पाचपाखाडी
आता विषय निघालाच आहे तर. कडक असावं, मान्य. पण अक्कल नको का? मुलीकडे दिल्लीला जाताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेत होतो. काढून ठेवायला लावल्या. खोबरं काय बॉम्ब आहे?

अवांतरवाला
हा शेवटचा शब्द तिथे काउंटरवर उच्चारला नाहीत ना काका? :)

पाचपाखाडी
नाही हो. बायकोने आधीच दम दिला होता.

ट्रे_नंबर_सात
काका, मी एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात आहे. खोबऱ्याचं सांगते, कारण हा प्रश्न मला सासरी दर गणपतीत ऐकावा लागतो. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. हवेशी संयोग होऊन ते हळूहळू तापतं, आणि ढीग असेल, कोंडलेलं असेल तर बाहेरून ठिणगी न लागता पेटू शकतं. म्हणून विमानवाहतुकीच्या धोकादायक वस्तूंच्या यादीत खोबरं "आपोआप पेट घेणाऱ्या" वर्गात बसतं. हातातल्या बॅगेत नाही आणि खालच्या, म्हणजे चेक-इनच्या सामानातही नाही. चार वाट्यांनी काय होणार हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण चार आणि चाळीस यातली रेष कोण आखणार? ट्रेपाशी उभ्या पोरीला ती आखायचा अधिकार दिलेला नाही. तिने तुमचं खोबरं सोडलं आणि वरिष्ठाने पाहिलं तर कागद तिच्या नावाने फाटतो.

शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र इरुमुडीतला (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ बरोबर नेता यावा म्हणून बीसीएएसने हंगामापुरती सूट दिली होती, २०२२ मध्ये. म्हणजे सूट मिळते, पण ती वरून लेखी येते, काउंटरवर वाद घालून नाही.

पाचपाखाडी
हे त्या मुलीने सांगितलं असतं तर मी कशाला चिडलो असतो?

ट्रे_नंबर_सात
मागे रांग किती होती, ते आठवा.

सानपाडा
बॅग "साइडला काढतात" ती कशावरून? माझी दर वेळी निघते. चेहराच तसा आहे का?

ट्रे_नंबर_सात
चेहरा नाही, डबे! तुम्ही फराळाचं नेत असणार.

सांगते कसं ते. एक्स-रेच्या पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. सेंद्रिय ते नारिंगी: अन्न, कापड, कागद, साबण. धातू निळे. मधल्या घनतेचं, ॲल्युमिनियमसारखं, हिरवं. ज्याच्या आरपार किरण जात नाहीत ते काळपट. आता गंमत अशी की स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, तीही नारिंगीतच येतात. पेढ्यांचा गच्च भरलेला खोका, तुपाचा डबा, पुरणाचा गोळा, खजुराची वडी... पडद्यावर एकसंध, जड, नारिंगी ठोकळा. शेजारी चार्जरची वायर गुंडाळून ठेवलेली असेल तर बघायलाच नको. माझ्यासमोर असं चित्र आलं की बॅग उघडायलाच हवी. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे नुसते लाडू.

पितळेचे देव काळे दिसतात. आई-आजी हमखास देव हातातल्या बॅगेत तळाशी, साडीत गुंडाळून नेतात. अशी बॅग फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा आत पाठवतात, तरी नाही कळलं तर उघडतात. देव वरच्या कप्प्यात ठेवा, विचारल्यावर सांगा, आपल्या हाताने काढून दाखवा. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात त्याचंही हेच कारण आहे, बॅटरी आणि सर्किटच्या खाली काय आहे ते दिसत नाही. काही ठिकाणी सीटी स्कॅनसारखी यंत्रं आली आहेत, तिथे काढावा लागत नाही.

आणि मावशी, हे भाचीला जरूर सांगा. पडद्यासमोर बसणारा झोपला नाही ना, हे बघायला यंत्रच मधूनमधून खोटं चित्र घुसवतं. कुणाच्या तरी साध्या बॅगेत अचानक पिस्तूल किंवा बॉम्बचं चित्र. ते पकडलं तर यंत्र शाबासकी देतं, सुटलं तर नोंद होते. नजर थकते म्हणून साधारण वीस मिनिटांनी माणूस बदलायचा. त्या वीस मिनिटांत शेजारच्याशी बोलायचं नाही, मान वळवायची नाही. सुरुवातीला मला घरी येऊन डोळे मिटले तरी नारिंगी दिसायचं.

कोलशेत_मावशी
हे तिला वाचून दाखवलं. "खोटं पिस्तूल" ऐकून डोळे चमकले. आईचे मात्र नाही.

अवांतरवाला
खोबऱ्यावरून धागा हायजॅक झाला असं म्हणणार होतो, पण या धाग्यावर तो शब्द वापरायला भीती वाटते.

निवृत्त_वर्दी
हा हा. बरं, परीक्षेचं.

सीआयएसएफमध्ये शिपाई म्हणून जायचं तर एसएससीची (दहावी बोर्ड नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) जीडी, म्हणजे जनरल ड्यूटी कॉन्स्टेबल परीक्षा. दहावी पास, वय १८ ते २३, राखीव वर्गांना नियमाप्रमाणे सवलत. मुलींसाठी उंची १५७ सेंमी., काही गटांना त्यातही सूट आहे, जाहिरात नीट वाचा. मुलींना १.६ किमी. साडेआठ मिनिटांत, मुलांना ५ किमी. २४ मिनिटांत. २०२४ पासून हा पेपर मराठीतही देता येतो, हे आपल्या पोरांना अजून माहीत नाही. मूळ वेतन २१,७०० पासून, वर भत्ते. ती पदवीधर होतेय, म्हणजे एसएससीचीच सीपीओ (केंद्रीय पोलीस दलांसाठीची) परीक्षा देऊन थेट सब-इन्स्पेक्टरलाही बसू शकते, वय २० ते २५. मी म्हणेन दोन्ही फॉर्म भरावेत.

फीचं सांगतो, म्हणजे त्या कन्सल्टन्सीवाल्याला ऐकवता येईल. एसएससीच्या फॉर्मला १०० रुपये. महिलांना तेही माफ.

पण एक. नेमणूक नवी मुंबईतच मिळेल असं समजू नका. हे केंद्रीय दल आहे. पहिली पोस्टिंग झारखंडच्या खाणीवर किंवा एखाद्या पोलाद कारखान्यावर येईल, विमानतळ नंतर. १९६९ मध्ये हे दल उभं राहिलं तेच कारखान्यांच्या रक्षणासाठी, नावातच "औद्योगिक" आहे. उलव्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या विमानापर्यंत पोहोचायला वाटेत बराच देश बघावा लागेल. ज्याला हे आवडतं त्यानेच यावं.

वडघरचा_पोर
घराजवळच हवं असेल तर विमान कंपनी किंवा विमानतळ चालवणाऱ्यांकडची सुरक्षा. पगार कमी, शिफ्ट वेड्यावाकड्या, पण आई-वडलांसोबत राहता येतं. माझा चुलतभाऊ तसाच लागलाय. आत जायचा पास मिळायला पोलीस पडताळणी होते, घरी येऊन चौकशी केली. गावात कुणाशी मारामारीची केस असेल तर तिथेच अडकतं. आमच्यातल्या दोघांचं अडकलं.

ट्रे_नंबर_सात
आमच्याकडचं काम कमी दर्जाचं नाही हं दादा. खालचं सामान, केटरिंगच्या ट्रॉल्या, उभ्या विमानाची राखण, प्रवासी बसायच्या आधी आख्खं विमान तपासणं, सीटखालची लाइफ जॅकेटची खाचसुद्धा हाताने चाचपून बघायची. शिडीपाशी शेवटची तपासणी आमची.

तुम्ही विमानात बसून घोषणा ऐकता ना, "एका प्रवाशाचं सामान उतरवतोय, उशीर होईल", आणि सगळे चक् चक् करतात? माणूस चेक-इन करून गायब झाला तर त्याची बॅग विमानात राहू द्यायची नाही. हा नियम रक्ताने लिहिलेला आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. ज्याच्या नावावर बॅग चढवली होती तो माणूस कधी चढलाच नव्हता. त्या शेकडो बॅगांतून ती एक शोधून काढायला पोटातला माल उतरवावा लागतो, पावसातही.

सानपाडा
हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी चक् चक् करणार नाही. (प्रयत्न करेन.)

पाचपाखाडी
माझा राग उतरलाय, पण एक मुद्दा सोडणार नाही. वागणूक. माझ्या साडूला गुडघा बसवलाय. दर वेळी धातू शोधणारी कमान वाजते, दर वेळी आरोपीसारखं उभं करतात. सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ टाकला होता, दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून. सीआयएसएफने माफी मागितली. एवढी नावाजलेली नृत्यांगना आहे म्हणून मागितली. साडूची कोण मागणार?

निवृत्त_वर्दी
मुद्दा रास्त आहे. यात मी आमच्या लोकांची बाजू पूर्ण घेणार नाही. नियम तपासणीचा आहे, अपमानाचा नाही. गुडघ्यात रॉड, पेसमेकर, अवयव कृत्रिम, असं काही असेल तर कमानीत शिरायच्या आधीच सांगावं, आणि आडोशाला तपासा म्हणावं, तो हक्क आहे. डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा. कागद दाखवला म्हणून तपासणी टळत नाही, पण समोरच्याला कळतं कुठे वाजणार. पेसमेकरवाल्याच्या छातीवर हातातलं यंत्र रेंगाळू देऊ नये. आणि जवानाने धड उत्तर दिलं नाही तर तिथल्या शिफ्ट इन्चार्जला बोलवा म्हणायचं. शांतपणे. आवाज चढला की गोष्ट तपासणीची राहत नाही, शिस्तीची होते, आणि मग कुणीच ऐकत नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे यंत्र वाजो न वाजो, प्रत्येकाची झडती हाताने होते. बाहेरच्या बऱ्याच देशांत वाजलं तरच. म्हणजे इथे एका मुलीने एका पाळीत किती जणींच्या दंडाखालून, पाठीवरून, घोट्यापर्यंत ते यंत्र फिरवायचं याचा विचार करा. पडद्याआड, छोट्याशा जागेत, उभ्याने. प्रत्येकीला "हात वर, वळा". साडीच्या पिना वाजतात, ब्लाउजचे हूक वाजतात, बांगड्या वाजतात. प्रत्येक आवाजाला थांबून बघायचं, कारण शंभरावा आवाज पिनेचा नसेल तर? माझ्या हाताखालच्या मुली पाळी संपल्यावर बोटं उघडमीट करत बसायच्या. त्यातली एखादी संध्याकाळी सात वाजता तुमच्याकडे बघून हसली नाही, तर तेवढं सोडून द्या.

कोलशेत_मावशी
वर्दीकाका, शेवटचा परिच्छेद तिच्या आईलाही वाचायला दिला. ती म्हणाली, "म्हणजे बॅगा उपसणं नाही, हे तर नर्ससारखं काम आहे." विरोध निम्मा मावळलाय. (ती स्वतः नर्स आहे, वाशीला.)

अवांतरवाला
पॉवर बँकचं कुणी सांगाल? दर वेळी वेगळं ऐकतो.

ट्रे_नंबर_सात
हातातल्या बॅगेतच, खालच्या सामानात कधीच नाही. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कुणीतरी विझवेल, पोटात कोण बघणार? १०० वॉट-अवरपर्यंत बिनघोर, १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. मिलिअँपिअर-अवरला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० ची म्हणजे ७४, चालते. अंगावरचे आकडे पुसले गेले असतील तर मात्र अडेल, कारण आम्हाला मोजता येत नाही. लायटर, काडेपेटी विसरा. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत द्रव १०० मिलीच्या बाटलीतच. बाटली अर्धी रिकामी असली तरी बघतात ती तिच्यावर लिहिलेला आकडा. कोकम आगळवाले, आमरसवाले, हे तुमच्यासाठी. खालच्या सामानात टाका, झाकणाला चिकटपट्टी लावून.

वडघरचा_पोर
मावशी, ताईला सांगा, वडघरच्या मैदानावर पहाटे साडेपाचला आमची पोरं-पोरी भरतीसाठी धावतात. दोन मुली जीडीचीच तयारी करतायत. एकटीने रस्त्यावर धावण्यापेक्षा बरं. फी-बी काही नाही.

कोलशेत_मावशी
देव भलं करो तुझं. उंची आजच भिंतीला टेकवून मोजली, १५८. सोमवारपासून येईल, तिचे बाबा स्कूटरवर सोडतील. कन्सल्टन्सीवाल्याला तिने स्वतःच फोन करून विचारलं, "बीसीएएस म्हणजे काय?" त्याने फोन ठेवून दिला. नंबर सायबरच्या १९३० वर कळवला आहे.

निवृत्त_वर्दी
शाब्बास. ताई, तिला म्हणावं पहिले पंधरा दिवस वेळ लावून धावू नकोस, नुसतं सलग धाव. साडेआठ मिनिटं नंतर. नडगी दुखायला लागली की मुली सोडून देतात. आणि पेपरात गणित व बुद्धिमत्ता चाचणीवर मुलं मागे पडतात, धावण्यावर नाही. बी.कॉम. आहे म्हणजे गणिताला घाबरत नसेल.

पाचपाखाडी
शेवटचा प्रश्न, मग मी गप्प. मुलीला घडीची विळी हवी आहे. तिकडे मिळत नाही म्हणते. मिळेल का न्यायला?

ट्रे_नंबर_सात
खालच्या सामानात. पात्याला जाड पुठ्ठा लावून वर सुती फडकं घट्ट बांधा, बॅग उघडायची वेळ आली तर आमच्यापैकी कुणाचा तरी हात आत जातो. खोबरं मात्र तिला तिथेच घ्यायला सांगा.